मात्रा बरोबर होती, तरीही मासे मेले : एका खाजगी तळ्याचं प्रकरण

बिघडलेली तळी सुधारायचा सल्ला देणं हा माझा धंदा. सकाळी सहाच्या आधी फोन आला की विषय मासेच असणार, हे आता पाठ झालंय. पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. रात्रभर उजेड नसतो, त्यामुळे शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही. पण श्वसनासाठी तेही वापरतं, मासेही वापरतात आणि तळाचा गाळही वापरतो. उजाडताना शिल्लक संपलेली असते. तळ्याच्या मालकाला हे दिसतं ते काठावर उताण्या पडलेल्या माशांच्या रूपात.

त्या दिवशीचा फोनही तसाच होता. "साहेब, मोठे मासे सगळे वर आलेत. पाण्यात कुणीतरी विष टाकलंय." फोन करणाऱ्या मालकांशी नऊ दिवसांपूर्वीच माझं बोलणं झालं होतं. त्या बोलण्यात माझ्याकडून जे राहून गेलं, तिथूनच हे प्रकरण सुरू होतं.

तळं खाजगी, मातीचा बांध घालून केलेलं. क्षेत्र एक हेक्टर, सरासरी खोली दोन मीटर, बांधाजवळ साडेचार. म्हणजे २०,००० घनमीटर, सरळ भाषेत दोन कोटी लिटर पाणी. पहिल्या फोनवर मालक म्हणाले होते, की पाणी हिरवं झालंय, वर रंग सांडल्यासारखी साय धरते, वास येतो. मी दोन-चार प्रश्न विचारले आणि दहाव्या दिवसाची तारीख दिली. 'मी येईपर्यंत पाण्यात काहीही टाकू नका' एवढं एकच वाक्य बोलायचं राहिलं. त्यांनी सहाव्या दिवशी शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणला आणि होडीतून एका दुपारीत सगळ्या तळ्यावर मारला. तिसऱ्या पहाटे मासे वर आले.

मी सव्वासातला पोचलो. आकाश दोन दिवसांपासून भरलेलं, वारा अजिबात नाही. पाणी हिरवं राहिलं नव्हतं. राखाडी-तपकिरी झालं होतं, कुजलेल्या पाल्याच्या पाण्यासारखं. सांडव्याच्या कोपऱ्यात मेलेल्या माशांचा थर होता. त्यात जवळजवळ सगळे मोठे, दोन ते चार किलोचे कार्प. बोटाएवढी पिल्लं मात्र काठाकाठाने अजून फिरत होती, तोंड पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याला लावून. माझ्या लेखी विषाचा संशय तिथेच निम्मा गळून पडला. विषबाधेत लहान मासे सहसा आधी जातात, शिवाय मरण पहाटेची वाट बघत नाही. ऑक्सिजन संपतो तेव्हा मोठ्या अंगाचे मासे आधी मरतात. पिल्लांना वरच्या मिलिमीटरभर थरातला ऑक्सिजन पुरतो.

होडी घेतली आणि ऑक्सिजन मोजायच्या मीटरचा प्रोब दोरीने सोडत गेलो. पृष्ठभागाला लिटरमागे १.३ मिलिग्रॅम, एका मीटरवर ०.८, अडीच मीटरच्या खाली जवळजवळ शून्य. बहुतेक मासे पाचच्या वर निर्धास्त असतात, तीनच्या खाली धापा टाकू लागतात. तापमान वर २९ अंश, तळाशी २३. बाटलीने तळाचं पाणी वर काढलं तर त्याला सडक्या अंड्याचा दर्प होता, हायड्रोजन सल्फाइडचा. ऑक्सिजन मुळात पाण्यात फारच थोडा मावतो. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर ३० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात. मासा एवढ्या चिमूटभरावर जगतो. आपण मात्र हवेत वावरतो, म्हणून हा हिशेब चटकन लक्षात येत नाही.

मालक बांधावर उभे होते. पहिला प्रश्न, "मोरचूद जास्त झाला का?"

जास्त झाला नव्हता. त्यांनी वीस किलो टाकला होता, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. मोरचुदाचं प्रमाण पाण्याच्या क्षारतेवरून (खारटपणा नव्हे, आम्ल पचवायची पाण्याची ताकद) ठरवायचा जुना ठोकताळा आहे : क्षारता भागिले शंभर. मी क्षारता मोजली, १४० आली. म्हणजे १.४ पर्यंत चाललं असतं. तांबं जास्त घातक ठरतं ते हलक्या पाण्यात, क्षारता पन्नासच्या खाली असते तिथे. मात्रा बरोबर होती. चूक झाली ती एका दुपारीत सगळं तळं मारण्यात. टनावारी शेवाळ एकदम मेलं. ऑक्सिजन देणारं थांबलं आणि तेच मढं कुजवायला जिवाणू कामाला लागले, तेही ऑक्सिजन खाऊनच. वर दोन दिवस ढग आणि वारा पडलेला. तळ्याला दुसरीकडून ऑक्सिजन मिळायला वाटच उरली नाही. म्हणून एका वेळी तिसरा हिस्सा, फार तर निम्मा मारायचा आणि मध्ये दहा ते चौदा दिवस जाऊ द्यायचे, अशी पद्धत आहे. पिशवीवरच्या बारीक अक्षरांत ती बहुधा छापलेलीही असते. पण पाणी हिरवं झालेला माणूस फक्त किलोचा आकडा वाचतो.

मी त्यांना तिथेच सांगितलं, "हे मी तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत. पण नंतरच्या तीन वर्षांत आमचं जे जमलं, ते त्या वाक्यामुळे जमलं असं मला वाटतं. आता पहिल्या फोनवर नाव-पत्ता विचारायच्या आधी मी तेच सांगतो.

त्या दिवशी काय केलं

शेडमध्ये त्यांचा नवा कोरा एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडायचं यंत्र, खोक्यात पडून होता. कॉम्प्रेसर, नळ्या, तळाशी ठेवायच्या, बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या तबकड्या, सगळं होतं. मालकांनी तो लगेच चालू करायचं ठरवलं होतं, तारही ओढली होती. मी अक्षरशः हात धरून थांबवलं. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन शून्य आणि सल्फाइड भरलेलं. बुडबुड्यांनी ते पाणी वर आलं असतं तर वरच्या थरात तगून राहिलेले मासेही तासाभरात गेले असते. ज्या यंत्राने तळं सुधारतं त्याच यंत्राने त्या सकाळी ते पुरतं संपलं असतं.

त्याऐवजी शेतातले दोन पंप आणले. त्यांची फुटवाल्व, म्हणजे पाणी खेचायची तोंडं, वरच्या हातभर पाण्यातच राहील अशी पिंपाला बांधून तरंगती ठेवली आणि पाणी हवेत पसरून परत त्याच कोपऱ्यात पाडलं. सगळं तळं वाचवायचा प्रयत्न करायचा नसतो, तेवढी ताकद कुणाच्याच पंपात नसते. एक कोपरा जगता ठेवायचा, मासे तिथे आपोआप येतात. दुपारपर्यंत त्या कोपऱ्यात पिल्लांची आणि मध्यम माशांची दाटी झाली. दुसऱ्या पहाटे तिथे ऑक्सिजन २.६ आला. बाकी तळ्यात १.१.

मेलेले मासे मोजून, तोलून काढले. १४०, वजन चारशे किलोच्या आसपास. ते तळ्यापासून लांब, उताराच्या पलीकडे पुरायला लावले. माशाच्या ओल्या वजनात साधारण अर्धा टक्का फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, असतो; या ढिगात दोन किलो. तो पाण्यात कुजू दिला असता तर पुढच्या शेवाळाची सोय तिथेच झाली असती.

आणखी एक गोष्ट मी कडक शब्दांत सांगितली : तीन आठवडे कुत्रा, गुरं, मुलं, कुणीही या पाण्याला तोंड लावायचं नाही. साय धरणारं ते शेवाळ निळं-हिरवं होतं, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या काही जाती विष बनवतात, आणि जिवंत असताना त्यातलं बरंचसं पेशीतच राहतं. पेशी फोडली की ते पाण्यात उतरतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ मारायला मोरचूद टाकला गेला, आणि काही दिवसांतच १४८ माणसं आजारी पडली. त्यांत बहुतेक मुलं होती. मालकांचा कुत्रा रोज त्या तळ्यात उतरायचा. त्याला त्याच दिवशी साखळी लागली.

मूळ हिशेब

पुढच्या भेटीत पाणी पुन्हा हिरवं व्हायला लागलं होतं. तीनच आठवडे झाले होते. मालकांचा चेहरा पडला, मला मात्र आश्चर्य वाटलं नाही. मोरचुदाने शेवाळ मेलं, शेवाळाचं खाद्य तसंच राहिलं. शिवाय शेवाळ चरणारे सूक्ष्म जीव, डॅफ्निया वगैरे, तांब्याला शेवाळापेक्षाही नाजूक असतात. जाळीने गाळून बघितलं तर एकही सापडला नाही.

पाणी किती नितळ आहे ते बघायला सेकी तबकडी सोडली. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती, दोरीवर खुणा. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात अशी चकती वापरली, त्यांची पांढरी होती. माझ्या बॅगेत हजारोंची यंत्रं असतात, पण मालकाला विश्वास वाटतो तो या चकतीवर, कारण ती दिसेनाशी होते ते त्याच्याच डोळ्यांना. या तळ्यात ती २५ सेंटिमीटरवर गेली. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला : एकूण फॉस्फरस वर लिटरमागे १६० मायक्रोग्रॅम, तळाच्या पाण्यात ६१०. तळ्यातलं पोषण मोजायच्या कार्लसन यांच्या १९७७ च्या निर्देशांकानुसार २४ च्या पुढे तळं पोषणाने समृद्ध धरतात, आणि शंभराच्या आसपास अतिसमृद्धी सुरू होते.

इतका फॉस्फरस येतो कुठून, हे शोधणं म्हणजे या धंद्यातलं खरं काम. औषध फवारणं कुणालाही येतं. मी पाणी येण्याच्या वाटेने चालत वर गेलो. शेजारच्या शेतातून एक चर येतो, पावसात गढूळ पाणी आणतो. घराच्या शोषखड्ड्याचा उतार दुसरीकडे होता, तो सुटला. बदकं मोजली, चौदा, फार नव्हती. मग संध्याकाळी धक्क्यावर बसलो असताना मालकांच्या आई दोन बादल्या घेऊन आल्या.

तळं त्यांच्या यजमानांनी बांधलेलं. ते गेल्यापासून, अकरा वर्षं, त्या रोज संध्याकाळी माशांना खाद्य घालत होत्या. दोन बादल्या, आठ किलो गोळीखाद्य. पाण्यावर मूठ फिरली की सगळा पृष्ठभाग उसळायचा. त्या पहाटेनंतर उसळणारे मासे निम्म्याहून कमी उरले होते, बादल्या तेवढ्याच होत्या. न खाल्लेल्या गोळ्या धक्क्याच्या खांबाशी साचून त्यांवर बुरशी आलेली मला दिसत होती.

हिशेब रात्री केला. गोळीखाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २,४०० किलो खाद्य, २४ किलो फॉस्फरस. मासा त्यातला पाव हिस्सा अंगाला लावतो, बाकीचा पाण्यात. १८ किलो दर वर्षी, दोन कोटी लिटरमध्ये. सगळा पाण्यात विरघळून राहिला असता तर लिटरमागे ९०० मायक्रोग्रॅम झाला असता. राहत नाही, बहुतेक गाळात बसतो. पण अकरा वर्षांचे जवळजवळ दोनशे किलो त्या गाळात होते. आणि एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ उभं राहू शकतं.

दुसऱ्या दिवशी हे मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आईला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

अहवालात हे वाक्य लिहायला सोपं असतं : बाह्य खाद्य बंद करावे. धक्क्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाईसमोर ते बोलायचं वेगळं. मी आजींना सगळं सांगितलं, अगदी हिशेबासकट. त्या शांत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच मारले का रे त्यांना?"

"नाही आजी. मासे मेले ते औषधाच्या दुपारीमुळे, आणि त्यात माझा वाटा आहे, मी वेळेवर सांगितलं नाही. तुम्ही घातलेलं खाद्य पाण्यात साठलं, एवढंच."

"मग आता ते काय खाणार?"

हा प्रश्न रास्त होता. उरलेल्या माशांना एक हेक्टर तळं पुरेसं होतं, किडे, अळ्या, गाळातले जीव, काठचं गवत. ते सांगितलं. बादल्या बंद झाल्या, आठवड्यातून एकदा एक तांब्या ठरला, तोही पाच मिनिटांत संपेल तेवढाच. हा तांब्या माझ्या शिफारशीत बसत नाही. पण बादली पूर्ण बंद करायला लावली असती तर माझ्या माघारी ती पुन्हा सुरू झाली असती, हे मी इतर तळ्यांवर बघितलेलं आहे.

मालकांना पटवायला मला एक फोटो कामी आला. कॅनडातल्या ओंटारिओमधलं २२६ क्रमांकाचं तलाव, १९७३. शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने ते पडद्याने मधोमध अडवलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या बाजूला त्याच्या जोडीला फॉस्फरस. आकाशातून काढलेल्या त्या फोटोत एक निम्मं काळंभोर, दुसरं हिरवट-पांढरं. दहा मिनिटं समजावून जे झालं नाही ते त्या फोटोने झालं.

दोन उन्हाळे

एअरेटर आम्ही थंड दिवसांत बसवला, तळ आणि पृष्ठभाग यांचं तापमान एक झाल्यावर, आणि तरीही टप्प्याने चालू केला. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, असं दुप्पट करत आठवड्याभरात चोवीस तास. रोज पहाटे मालक स्वतः मीटर बुडवून आकडा लिहायचे. मी त्यांना एक वही दिली होती, कारण महिन्यातून एकदा येणाऱ्या माझ्यापेक्षा रोज बघणाऱ्याला तळं जास्त कळतं.

पहिल्या वर्षाअखेर तबकडी ६० सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली. सगळे खूश. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा साय आली.

हा माझ्या अंदाजातला दुसरा कच्चा दुवा. शास्त्रज्ञ क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये दाखवून दिलं होतं, की गाळावर ऑक्सिजन असतो तोवर लोह फॉस्फरसला धरून ठेवतं आणि ऑक्सिजन संपला की सोडून देतं. मी त्या एअरेटरवर विसंबलो. पण डिफ्यूझर बसले होते बांधाजवळच्या खोल भागात, आणि धक्क्याखालचा, अकरा वर्षं खाद्य खाल्लेला गाळ त्यांच्या टप्प्यात येत नव्हता. काठी खुपसून मोजला, तिथे तो ७० सेंटिमीटर होता, इतरत्र २०. हे मोजमाप पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं.

मालक या वेळी मोरचुदाचं नाव काढायच्या आत मी त्यांच्याकडे होतो. साय वाऱ्याने एका कोपऱ्यात साचते, तिथून ती पंपाने उपसून शेताच्या लांबच्या, कोरड्या भागात सोडली. पाण्यावर काही मारलं नाही. शेवाळ हळूहळू बसलं, एकही मासा गेला नाही.

हिवाळ्यात धक्क्यालगतचा गाळ उपसला आणि पुढच्या हंगामाआधी तुरटी दिली, पाणीपुरवठ्यात वापरतात ती अॅल्युमिनियम सल्फेट. तुरटी फॉस्फरसला धरून तळाशी बसते आणि ऑक्सिजन संपला तरी सोडत नाही. पण ती पाणी आम्ल करते. पीएच सहाच्या खाली गेला तर विरघळलेलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतं. म्हणून आधी दहा बरण्या ओळीने मांडून, वाढत्या मात्रा देऊन, प्रत्येकीचा पीएच मोजला. क्षारता १४० असल्याने वाव होता. तरी मात्रा तीन हिश्श्यांत, आठवड्याच्या अंतराने दिली. पहिल्या हिश्श्यानंतर पांढरे पुंजके खाली उतरताना मालक आणि आजी दोघंही धक्क्यावर बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी आजींना धक्क्याच्या खांबाचा बुंधा दिसला. बांधकामानंतर पहिल्यांदाच, त्या म्हणाल्या.

मधल्या काळात मालकांनी जिवाणूंच्या पुड्या विचारल्या, पाण्याचा निळा रंग विचारला, जवाच्या पेंढ्या विचारल्या. पुड्यांनी गाळ कमी झालेला माझ्या काठीने मला आजवर दाखवलेला नाही. रंगाने उजेड अडतो, फॉस्फरस तसाच राहतो. पेंढ्या कधी चालतात, कधी नाही. तिन्हींना मी नाही म्हटलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात फॉस्फरस ३८ वर आला, तबकडी १३० सेंटिमीटरवर. आणि नवी तक्रार आली : काठाने पाणवनस्पती वाढल्यात. वाढणारच, आता तळापर्यंत उजेड जातो. स्वच्छ पाणी आणि मोकळा तळ दोन्ही हवं असं बहुतेक मालकांना वाटतं, पण फॉस्फरस कुणीतरी वापरणारच, शेवाळाने नाही तर झाडांनी. पाव हिस्सा पाण्यात झाडं राहतील, धक्का आणि होडीची वाट हाताने मोकळी करायची, काढलेलं सगळं पाण्याबाहेर न्यायचं, असं ठरलं. पाणकणसाची एक पट्टी चराच्या तोंडाशी मुद्दाम वाढू दिली आहे.

तो चर अजून सुटलेला नाही. शेजारच्या शेतमालकांशी दोनदा बोललो. बांधालगत गवताचा पट्टा सोडायला ते तयार नाहीत, आणि त्यांच्या बाजूने बघता एक ओळ पिकाची जाते, हेही खरं आहे. मोठ्या पावसानंतर चराच्या तोंडाशी मी अजून १२० च्या वर फॉस्फरस मोजतो. मालकांनी त्यांच्याच हद्दीत एक छोटा गाळखड्डा खणायचं कबूल केलंय, पावसाआधी आखणी करायला मी जाणार आहे.

गेल्या भेटीत वही चाळली. ज्या तारखेला तीन वर्षांपूर्वी मला तो फोन आला होता, त्या तारखेला मालकांच्या अक्षरात नोंद होती : पहाटे ५:५०, ढग, वारा नाही, ५.२. खाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात एक ओळ, तारखेशिवाय : आज तांब्या घातला नाही, मासे काठाला आले नाहीत, चरत असावेत.